लेकरू अजून पाऊल टाकंना

या वेळचं पत्र धारूर तालुक्यातल्या एका आजींचं आहे. वहीच्या फाडलेल्या पानावर, निळ्या शाईत. थोडं आटोपशीर करून देते:

"डॉक्टरीणबाई, नमस्कार. मला लिहिता येत नाही, थोरली नात सातवीला आहे तिच्याकडून लिहून घेते. धाकटी नात माघातल्या एकादशीची. आता वैशाखात पंधरा महिने भरले, अजून पाऊल टाकंना. रांगली पण नाही. एक पाय मुडपून, उजवा हात भुईला टेकवत बसल्या बसल्या घरभर सरकते. उभं करायला गेलं की पाय पोटाशी घेते, भुईला टेकवतच नाही. बाळंतपण सरकारी दवाखान्यात, पूर्ण दिवसाचं. दिवाळी झाल्यावर पोरगा-सून कारखान्याला गेले, लेकरू सोबत नेलं, पाडव्याला आले. तिकडं फडात झोळीत असायची. भावकीतलं पोरगं दहाव्या महिन्यात चाललं. जावा म्हणतात, सुनंनं झोळीत ठेवून पाय लुळे केले. एक जण म्हणती घोट्याला बिब्बा घाला. दुसरी म्हणती ग्रहणात गळ्याएवढं मातीत पुरा. पोरगा म्हणतो बाजारातून वॉकर आणू. आम्ही माळकरी. लेकरू आईचं दूध पिते, वरणाचं पाणी घेते, चहात बुडवून बिस्कीट खाते. सून रातच्याला रडते. ही चालंल का?"

मावशी, थोरलीचं अक्षर सुरेख आहे. 'ही चालंल का' या शब्दांखाली तिनं दोन रेघा ओढल्यात. तुम्ही सांगितल्या म्हणून की तिच्या मनानं, कोण जाणे. पण घरातल्या सगळ्यांनाच हा घोर लागलाय, हे त्यावरून समजलं.

म्हणून आधी उत्तर देते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ही पोरगी चालेल असंच मला वाटतं. आणि तरीही येत्या आठ-पंधरा दिवसांत तिला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. चालेल असं वाटतं तर न्यायचं कशाला, असं तुम्ही म्हणाल. तेच सांगते.

महिन्यांचा हिशेब पहिल्यांदा. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या आठशेवर निरोगी लेकरांवर महिनोन्‌महिने नजर ठेवली होती. त्यात आपल्या दिल्लीचीही लेकरं होती. 2006 मध्ये त्याचे आकडे छापून आले. कुणी आठ महिने भरल्यावर लगेच आधाराशिवाय चाललं, तर कुणी साडेसतरा महिने लावले. दोन्ही टोकांची लेकरं धडधाकट. शंभरातली चार तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी चालली. त्यामुळे भावकीतलं पोरगं दहाव्या महिन्यात चाललं याचा आनंद माना, पण ते माप तुमच्या नातीला लावू नका. लवकर चालणारं पुढं जास्त हुशार निघतं असंही नसतं.

मात्र वाट पाहण्यालाही हद्द असते. अठरा महिने पूर्ण झाले आणि लेकरू स्वतःचं स्वतः चालत नसेल, तर ते कितीही हसतं-खेळतं असो, नीट तपासणी झालीच पाहिजे. तुमची नात माघी एकादशीची, म्हणजे श्रावणातल्या एकादशीला अठरा होतील. तेवढी तिथी लक्षात ठेवा. (ज्यांचं लेकरू दिवस भरायच्या आधी झालंय त्यांनी जितके आठवडे आधी झालं तितके वयातून वजा करायचे, दोन वर्षांचं होईपर्यंत. तुमच्या नातीला ते लागू नाही.)

आता ती सरकते त्याबद्दल. तुमच्या जावांना हीच गोष्ट खटकली आणि मला नेमकी हीच वाचून धीर आला. काही लेकरं रांगतच नाहीत. त्यांना बसून सरकायची युक्ती सापडते आणि तीच पुरते. एक पाय मुडपलेला, दुसरा पुढं, एक हात वल्ह्यासारखा. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत बघता बघता पोचतात. सरकताना एक हात मोकळा राहतो, त्यात खुळखुळा नाहीतर बिस्कीट धरता येतं. मग उभं राहायची घाई कशाला करतील? अशा लेकरांना काखेत धरून उभं करायला गेलं की ती दोन्ही पाय पुढं उचलून धरतात, जणू हवेतल्या पाटावर बसलीत. बघणाऱ्याला वाटतं पायात जीव नाही. खरं म्हणजे पाय वर धरून ठेवायलाही जीव लागतो. लुळा पाय खाली लोंबतो.

सरकणारी लेकरं उशिराच चालतात. पुष्कळ जण अठरा महिन्यांनंतर, काही दोन वर्षांच्या आसपास. आणि ही सवय बहुतेक वेळा घराण्यात असते. तुम्ही एक काम करा, आठवून बघा, तुमचा मुलगा कसा फिरायचा? सुनेच्या माहेरी फोन लावून विचारा. कुणी मावशी, कुणी मामा असा सरकणारा निघाला तर अर्धा घोर तिथंच जाईल.

अर्धाच म्हणते. कारण सरकण्यामागं दुसरं काही दडलेलं नाही ना, ते पत्र वाचून कळत नाही, हात लावून बघावं लागतं. हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीसेक वर्षांपूर्वी दवाखाना नुकता सुरू केला होता. एक बाई चौदा महिन्यांची मुलगी घेऊन आली, चालत नाही म्हणून. रांग मोठी होती. मी मुलीकडे बघितलं, हसरी, गुटगुटीत. म्हटलं, "चालेल, वाट बघा." लंगोट सोडून मांड्या बघितल्या नाहीत. ती मुलगी पुढं चालली, पण हेलकावत. दोन वर्षं उलटल्यावर एक्स-रे निघाला, तेव्हा कळलं की डाव्या खुब्याचा सांधा निखळलेला होता. मी बघितलं असतं तर कदाचित प्लास्टरवर भागलं असतं. नंतर हाड कापून मोठं ऑपरेशन करावं लागलं. ती आई मला एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून लेकराचे कपडे उतरवल्याशिवाय मी 'वाट बघा' म्हटलेलं नाही, आणि तुम्हालाही कुणी नुसतं लांबून बघून तसं म्हटलं तर तेवढ्यावर परतू नका.

घरी दोन गोष्टी तुम्ही बघू शकता. तिला उताणी निजवा, दोन्ही गुडघे वाकवून मांड्या हळूच बाहेरच्या बाजूला उघडा, लंगोट बदलताना करतो तसंच. दोन्हीकडे सारख्या उघडतात की एक अडते? गुडघे जुळवून धरले तर एक खाली राहतो का? दोन्हीकडे सारखं असलं तरी डॉक्टरांना खुबे बघायला सांगाच, कारण कधी दोन्ही खुबे निखळलेले असतात आणि मग फरक दिसत नाही. दुसरं, तिचा उजवा हात. सरकताना एकच हात टेकवणं सरकणाऱ्या लेकरांत नेहमीचं आहे. पण या वयात लेकरानं दोन्ही हात सारखे वापरायला हवेत. डावरं-उजवं पुढं ठरतं. म्हणून उजव्या हातात चमचा द्या आणि डावीकडे भाकरीचा तुकडा धरा. डावा हात पुढं आला, मूठ उघडली, तुकडा नीट पकडला, तर छान. दर वेळी उजवाच वळून आला, डावी मूठ मिटलेलीच राहिली किंवा डावा पाय ताठ वाटला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा.

तुमच्या पिढीनं पोलिओ डोळ्यांनी बघितलाय. लेकरू चाललं नाही की छातीत धस्स होतं ते त्यामुळंही असेल. भारतात त्या रोगाचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला, 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. डोस मात्र चुकवायचे नाहीत, आणि इथंच मला तुमच्या घराची काळजी वाटते. लेकरू नऊ महिन्यांचं असताना तुमची माणसं ऊसतोडीसाठी कारखान्याला निघाली. गोवर-रुबेलाची पहिली लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस नेमका नऊ महिन्यांनाच असतो. कार्ड काढून बघा. राहिलं असेल तर आशाताईंना सांगा, आताही देता येतं.

पण पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ अडखळले ते तिच्या खाण्यापाशी. वरणाचं पाणी, चहा, बिस्कीट. मावशी, रागावू नका, यात लेकराच्या रक्ताला काहीच नाही. चहा तर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. रक्त कमी असलेलं लेकरू किरकिरं होतं, दमतं, उभं राहायचा उत्साहच त्याला नसतो. दुसरं, तुम्ही माळकरी. माळेचा मला आदर आहे, माझ्या माहेरी वारी आहे. पण मांस-अंडी नाहीत, आणि फडावर भाकरी-चटणीवर दिवस काढताना दूध-दहीही नाही, अशा आईच्या अंगात बी-12 हे जीवनसत्त्व कमी पडतं आणि मग तिच्या दुधातही ते उतरत नाही. लेकरू वरून गुबगुबीत दिसतं, पण सुस्त होतं, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, केस विरळ आणि पिंगट होतात, हात थरथरतात, शिकलेल्या गोष्टीसुद्धा मागं पडतात. वेळेत सापडलं तर औषधानं हे बरं होतं. तुमच्या नातीत यातलं काही आहे असं मी म्हणत नाही. तिची पेरं उजेडात बघा, आणि डॉक्टरांना "आम्ही माळकरी आहोत, अंडी चालत नाहीत" हे स्वतःहून सांगा, म्हणजे ते तपासणी आणि औषध त्या हिशेबानं ठरवतील. सुनेचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या. तिच्याकडे कुणी बघितलंय का एवढ्यात?

चहा-बिस्कीट आजच बंद. वरणाचं पाणी नको, वरण द्या, घट्ट, भातात कालवून, वर तुपाची धार. भाकरी दुधात भिजवून मऊ कुस्करा. मेथी, शेपू वरणात शिजवून. शेंगदाण्याचं कूट बारीक करून, गूळ चवीपुरता. अख्खे दाणे मुळीच नकोत, घशात अडकतात. दिवसातून तीन-चार वेळा, आणि आईचं दूध चालूच राहू द्या दोन वर्षांपर्यंत. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा एक-एक मिली. बाटली फळीवर पडून राहू देऊ नका. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, ते लोहानंच होतं.

आता झोळी.

मावशी, हा भाग सुनेला वाचून दाखवा, थोरलीला सांगा मोठ्यानं वाचायला. झोळीमुळं पाय लुळे होत नाहीत. पहाटे अंधारात फडात उतरायचं, दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, आणि मध्येच धावत येऊन लेकराला पाजायचं. कोयता चालतोय, ट्रॅक्टर वळतोय, उसाच्या पाचटात साप-विंचू. तिथं तान्ही पोर भुईवर सोडायची होती का? झोळीनं ती पोर सुखरूप घरी आणली. पाच महिने भुईवर लोळायला, वळायला, धरून उठायला कमी मिळालं, त्यानं थोडा उशीर झाला असेल, तर तो भरून निघणारा उशीर आहे. जो ठपका मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीवर, पोटाच्या मजबुरीवर ठेवायचा, तो जावा सुनेच्या पदरात टाकतायत. तुम्ही सासू आहात, तुमचा एक शब्द भावकीत चालतो. "माझ्या सुनेचं काही चुकलेलं नाही", एवढं एकदा चारचौघींत म्हणा. तिचं रातचं रडणं थांबवायला तेवढंच लागेल.

बिब्बा घालू नका. बिब्ब्याचं तेल कोवळ्या कातडीला खोलवर जाळतं. फोड येतात, जखम चिघळते, ताप येतो, आणि पाय धरून बसलेलं लेकरू आणखी महिनाभर उभं राहत नाही. डाग देणंही तसंच. ग्रहणात पुरायचं म्हणाल, तर आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणाला लेकरांना गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं. ती रडणारी तोंडं मी बातम्यांत बघितली, विसरता येत नाहीत. मातीच्या दाबानं श्वास कोंडू शकतो. ज्या बाईनं सुचवलं तिचा हेतू वाईट नसेल, पण तिला हात जोडून नाही म्हणा.

वॉकरही नको. त्यात लेकरू कापडी बैठकीवर लटकतं, बोटांच्या टोकांनी रेटतं, तोल सांभाळायला शिकतच नाही. उलट चालणं लांबतं. शिवाय उंबरा, पायऱ्या, चूल यांच्याशी अपघात इतके होतात की कॅनडानं 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय. मुलाला पैसे खर्चायचेच असतील तर गावातल्या सुताराकडून पांगुळगाडा करून घ्यायला सांगा, पुढून जड, म्हणजे उलटणार नाही. पांगुळगाड्यामागं लेकरू स्वतःच्या पायावर उभं असतं, फरक तिथं आहे. पण तोही ती धरून उभी राहायला लागल्यावर, आत्ता नाही. चूं-चूं वाजणारे बूटही राहू द्या. अनवाणी पायाला भुई कळते, बोटं जमीन धरायला शिकतात. वैशाखात अंगणातली फरशी तापलेली नाही ना एवढं बघा. मालिश चालू ठेवा, हलक्या हातानं. पाय ओढून, सांधे मोडून नाही.

मग करायचं काय? भुईवर सोडा. सारवलेल्या ओसरीवर सावली असेल तेव्हा जितका वेळ जमेल तितका. कडेवर कमी. आणि रोज दोन-तीनदा, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना, हा खेळ खेळा. तुम्ही भुईवर पाय पसरून बसा. तिला तुमच्या मांडीवर घोड्यासारखी बसवा, एक पाय इकडं, एक तिकडं, दोन्ही तळवे भुईला टेकतील असं. समोर बाज ओढून घ्या, बाजेवर तिची आवडती वाटी ठेवा, थोडी लांब. ती वाटीकडे झुकली की वजन आपोआप तळव्यांवर येतं. पहिले दिवस ती पाय उचलेल. उचलू द्या. रडली तर थांबा, संध्याकाळी पुन्हा. तुमचा हात तिच्या कमरेला असावा. काखेत धरून वर ओढायचं नाही, बोटं धरून फरफटत चालवायचं तर अजिबात नाही. चार-सहा दिवसांत झुकताना बूड मांडीवरून जरासं उचललं जाईल. मग मांडीऐवजी बुटका पाट. मग बाज धरून उभं राहणं, मग बाजेच्या कडेकडेनं सरकणं. थोरली बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसून हाका मारू दे. लहान लेकरू दुसऱ्या लेकराकडे जेवढ्या ओढीनं जातं तेवढं मोठ्या माणसाकडे जात नाही.

डॉक्टर कुठं? सुरुवात अंगणवाडीपासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, लेकरांच्या वाढीत काही मागे पडलंय का तेही बघतं, आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी देतं. पण पथक पुढच्या महिन्यात येणार असेल तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त आणि वजन बघून घ्या, आणि तिथून अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) सरकारी रुग्णालयातल्या बालरोग विभागात जा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. खुबा, दोन्ही पायांचा ताठपणा, हिमोग्लोबिन, बी-12, गरज वाटली तर थायरॉईड आणि मुडदूस, एवढं बघून झालं आणि सगळं ठीक निघालं, तर निर्धास्त मनानं श्रावणाची वाट बघा.

यातलं काही दिसलं तर मात्र श्रावण बघायचा नाही, दुसऱ्याच दिवशी निघायचं. आज करणारी गोष्ट उद्या विसरली: सरकायची ती सरकेना, बसायची ती कलंडायला लागली. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. मान-पाठ कापसासारखी सैल. हाक मारली तरी वळत नाही, नजर देत नाही. झटके आले. हे वाचणाऱ्या ज्या घरात मुलगा आहे त्यांच्यासाठी आणखी एक: उशिरा चाललेला, पोटऱ्या जाड दिसणारा, भुईवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकत स्वतःवरच चढत उठणारा मुलगा असेल तर स्नायूंची रक्ततपासणी लवकर करून घ्या.

आणि पुढच्या दिवाळीला माणसं पुन्हा निघतील, तेव्हा अंगणवाडीताईंना आधी सांगून निघा. तिथल्या अंगणवाडीतूनही आहार आणि लस मिळू शकते, कार्ड मात्र जवळ हवं. जमलं तर या वर्षी पोर तुमच्यापाशी राहू दे. ते तुमचं तुम्ही ठरवा, सुनेला विचारून.

थोरलीसाठी एक काम. वहीचं शेवटचं पान या कामाला ठेव. धाकटीनं पहिल्यांदा तळवे टेकवले तो दिवस लिही. बाज धरून उठली तो दिवस लिही. डाव्या हातानं भाकरी घेतली की नाही, लिही. आठ दिवस नवं काहीच झालं नाही तर तेही लिही. डॉक्टरांकडे जाताना ते पान आजीच्या पिशवीत टाक, आणि श्रावणात मला पुन्हा पत्र पाठव, त्यात ते पान जसंच्या तसं उतरवून.